औषधांची पारख व लेकरांचा मान

रविवारची उपासना आटोपून मंडळी घरोघर निघाली असता एखादा बाप मागे रेंगाळतो. त्याचे लेकरू दहा-अकरा वर्षांचे आहे. त्याला वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी ध्यानात राहत नाही. आणि मोठ्या शहरातील रुग्णालयात तपासणी झाल्यावर हा आनुवंशिक विकार असल्याचे घरच्यांना कळले आहे. बापाच्या हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण असते. अशा मुलांसाठी परदेशात एका औषधाची परीक्षा चालू आहे, असे त्यात छापलेले असते. ‘‘पाळकसाहेब, आम्ही काय करावे?’’ एवढेच तो विचारतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांवर असा प्रसंग कोणत्या ना कोणत्या रूपाने आला असेल, अथवा पुढे येईल. आपण वैद्य नाही. औषध द्यावे की न द्यावे हे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. तथापि तो बाप आपल्याकडे आला आहे तो औषधाची मात्रा विचारण्यासाठी आलेला नाही. आशा कोठवर धरावी, हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. या प्रश्नापुढे धर्मसेवकाने निरुत्तर राहू नये, म्हणून औषधाची परीक्षा कशी होते, ती पुष्कळदा निष्फळ का ठरते आणि तीत लेकराचा मान कसा राखला जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. दोष कोणाचा?

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे विचारले. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आज विसाव्या व एकविसाव्या शतकातील विज्ञान हाती असूनही आपल्या मंडळ्यांत तोच प्रश्न कुजबुजीच्या रूपाने विचारला जातो, आणि बहुधा त्याचे ओझे आईच्या माथी येते.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस या विकाराचे उदाहरण घ्या. जर्मन वैद्य फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याचा पहिला प्रकार अधिक आढळतो. सुमारे तीन हजार जन्मांमागे एक बालक तो घेऊन येते. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग पडतात, पुढे मज्जातंतूंवर गाठी येतात, आणि यांपैकी पुष्कळ मुलांना लक्ष एकाग्र करणे, आकृती ध्यानात ठेवणे, लिहिणे-वाचणे कठीण जाते. सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाड याला कारण आहे, हे १९९० साली निश्चित झाले. सुमारे निम्म्या मुलांत हा बिघाड नव्यानेच उत्पन्न झालेला असतो. आईलाही तो नसतो, बापालाही नसतो. उरलेल्यांत तो आई किंवा बाप यांपैकी एकाकडून येतो. परंतु आपल्या डोळ्यांचा रंग जसा कोणी निवडून मुलाला देत नाही, तसाच हाही कोणी निवडून दिलेला नसतो. धर्मसेवकाने एवढे जरी स्पष्ट शब्दांत सांगितले, तरी कित्येक घरांतील रात्रीचे रडणे थांबेल.

२. बर्मिंगहॅमची माता

अशा विकारांवर काहीच उपाय नसतो, असे मात्र समजू नये. फिनाइलकीटोनयुरिया नावाचा एक विकार आहे. त्यात अन्नातील प्रथिनांमधून येणारे फिनाइलॲलानीन हे द्रव्य शरीराला नीट पचवता येत नाही. ते रक्तात साठते आणि बालकाच्या वाढत्या मेंदूस इजा करते. १९३४ साली नॉर्वेतील वैद्य आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तो प्रथम ओळखला. दोन मंदबुद्धी लेकरांच्या आईने ‘माझ्या मुलांना झाले आहे तरी काय?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे सोडला नाही, म्हणून तो शोध लागला.

उपाय सापडण्यास आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल व त्यांचे सहकारी यांच्याकडे एका माउलीने आपली लहान मुलगी आणली. ती मुलगी उभी राहू शकत नव्हती, बोलत नव्हती, सारखी रडत असे व डोके आपटून घेत असे. निदान झाले, पण त्या मातेचे समाधान निदानाने होईना. उपाय कधी काढणार, हे ती पुन्हा पुन्हा येऊन विचारू लागली. शेवटी वैद्यांनी ते अपायकारक द्रव्य बव्हंशी काढून टाकलेला आहार सिद्ध केला. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, आधाराने उभी राहू लागली, तिचे डोके आपटणे थांबले.

येथून पुढचा भाग विचार करायला लावणारा आहे. सुधारणा खरोखरच आहारामुळे झाली, की आईची आशाच तिला सुधारणा दाखवीत होती, हे वैद्यांना पडताळून पाहावयाचे होते. म्हणून त्यांनी आईला न सांगता मुलीच्या आहारात ते द्रव्य पुन्हा मिसळले. मुलीची प्रकृती झपाट्याने बिघडली; शिकलेले सारे ती गमावू लागली; आणि आई घाबरून गेली. नंतर आईला सर्व सांगून, तिच्या संमतीने हाच पडताळा रुग्णालयात पुन्हा घेण्यात आला. १९५३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी काढलेल्या पद्धतीने नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखता येऊ लागला. आणि जन्मानंतर लवकर आहार सुरू केल्यास मेंदू वाचतो, हे सिद्ध झाले. आज जगात असंख्य माणसे त्यामुळे शिकूनसवरून संसार करीत आहेत.

या घटनेकडे ख्रिस्ती दृष्टीने कसे पाहावे? वैद्यांची शंका रास्त होती. प्रेम करणाऱ्या डोळ्यांना जे हवे ते दिसते, हे आपण सर्वच अनुभवाने जाणतो. त्यांना मिळालेले उत्तरही खरे होते, आणि त्याचा लाभ पुढील पिढ्यांना झाला. तथापि सत्य शोधण्यासाठी त्यांनी त्या मातेपासून सत्य लपविले, आणि लेकराला ज्या दुःखातून बाहेर काढले त्यातच काही काळ परत लोटले. फळ चांगले आले म्हणून मार्ग चांगला ठरत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढील वृत्तांत वाचावा.

३. उंदरांपासून मुलांपर्यंत

वर सांगितलेल्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जनुकाचे काम काय, हे कळल्यावर संशोधकांना एक वाट दिसू लागली. हे जनुक जे प्रथिन तयार करते ते पेशीतील ‘रास’ नावाच्या एका संकेतयंत्रणेस लगाम घालते. जनुक बिघडले की लगाम सुटतो. कॅलिफोर्नियातील आल्सिनो सिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच बिघाड असलेले उंदीर वापरून असे दाखविले की, रासच्या या अतिरेकामुळेच त्या उंदरांना शिकणे जड जाते. २००५ साली त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली: लोव्हास्टॅटिन हे औषध दिल्यावर ते उंदीर इतर उंदरांसारखे शिकू लागले.

लोव्हास्टॅटिन व त्याचे भावंड सिम्व्हास्टॅटिन ही औषधे नवी नव्हती. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी जगभर लाखो प्रौढ माणसे ती घेत होती. तीच औषधे रासचा जोरही कमी करतात. औषध परिचयाचे, किंमत परवडणारी, विकाराच्या मुळाशी जाणारा उपाय: आईबापांच्या मनात केवढी आशा उत्पन्न झाली असेल, याची कल्पना करावी.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६२ मुलांवर परीक्षा झाली. काहींना १२ आठवडे सिम्व्हास्टॅटिन दिले, काहींना दिसण्यात तशीच पण औषधी द्रव्य नसलेली गोळी दिली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या मुख्य कसोट्या आधी ठरविल्या होत्या त्यांवर दोन्ही गटांत फरक नव्हता. चित्राचे तुकडे जुळविण्याच्या एका दुय्यम कसोटीत तेवढा फरक दिसला. बारा आठवडे अपुरे पडले असतील, अशी आशा त्यामुळे शिल्लक राहिली.

अमेरिकेत २४ मुलांना तीन महिने लोव्हास्टॅटिन देण्यात आले. त्याचा वृत्तांत २०११ साली आला. या मुलांची स्मरणशक्ती काही कसोट्यांवर सुधारलेली दिसली. परंतु ही प्राथमिक परीक्षा होती. सर्वांना औषधच दिलेले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

मग रॉटरडॅम व बेल्जियममधील लूव्हेन येथे ८४ मुलांना पूर्ण बारा महिने सिम्व्हास्टॅटिन अथवा कोरी गोळी देऊन पाहण्यात आले. २०१३ साली उत्तर आले: बुद्धिमापनात, अवधानात व वर्तनात औषधाचा लाभ नाही. त्यानंतर ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे मिळून १४६ मुलांवर सोळा आठवडे लोव्हास्टॅटिनची परीक्षा झाली. २०१६ साली तिचेही उत्तर तेच आले.

तुलनेचा गट नसताना जी सुधारणा दिसली होती, ती तुलनेचा गट येताच टिकली नाही. फ्रॅजाइल एक्स नावाच्या दुसऱ्या आनुवंशिक विकारातही असेच घडले. उंदरांत आशादायक ठरलेले मॅव्होग्लुरंट हे औषध माणसांतील परीक्षांत कोऱ्या गोळीहून सरस ठरले नाही. आणि २०१४ साली ते काम त्या विकारापुरते थांबविण्यात आले.

४. कोऱ्या गोळीचे प्रयोजन

‘माझ्या लेकराला मुद्दाम खोटी गोळी देणार, हा अन्याय नव्हे काय?’ असे आईबाप विचारतात. उत्तर समजून घेतले पाहिजे.

औषध घेऊ लागल्यावर मूल सुधारलेले दिसण्यास औषधावाचून अनेक कारणे असतात. मूल वयाने वाढते, म्हणून त्याला पूर्वीपेक्षा अधिक येते. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावाने गुण वाढतात. आईबाप व शिक्षक अधिक लक्ष देतात. आणि ज्याने आशेने गोळी दिली त्याला बारीकसा बदलही मोठा वाटतो. ही सर्व कारणे औषध घेणाऱ्या व कोरी गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखीच असतात. म्हणून दोन्ही गटांतील जो काही फरक उरेल, तो औषधाचा मानता येतो. कोणत्या मुलाने कोणत्या गटात जावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने ठरते, जेणेकरून कोणाच्या आवडीनिवडीला वाव राहू नये. आणि कोणाला काय मिळाले हे परीक्षा संपेपर्यंत आईबापांनाही ठाऊक नसते व तपासणाऱ्यालाही नसते.

बर्मिंगहॅमच्या वैद्यांनाही हेच साधावयाचे होते: आईच्या आशेचा परिणाम बाजूला ठेवणे. त्यांनी ते आईला अंधारात ठेवून साधले. रॉटरडॅमच्या आईबापांना मात्र आरंभीच सांगण्यात आले की, तुमच्या मुलाला औषध मिळेल किंवा कोरी गोळी मिळेल, आणि कोणते मिळाले ते काही काळ तुम्हांस कळणार नाही. आपल्याला ठाऊक नसणार हे ठाऊक असताना दिलेली संमती आणि फसवणूक, यांत पूर्व-पश्चिमेचे अंतर आहे. शिवाय औषध गुणकारी आहे की नाही हे कोणालाच खात्रीने ठाऊक नसते, तोवरच अशी चिठ्ठी टाकणे न्याय्य असते. ज्याचा गुण सिद्ध झाला आहे असा उपाय मुलाला नाकारून त्याच्या हाती कोरी गोळी ठेवणे हे पाप होय.

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला जे ऐकाल ते पारखून घेण्यास शिकविले. तो उपदेश भविष्यवाणीच्या संदर्भात असला, तरी पारखण्याला भिऊ नये, हा त्यातील विवेक सर्वत्र लागू पडतो. पारखल्याने विश्वास दुबळा होत नाही. खोटी आशा मात्र गळून पडते.

५. निष्फळ परीक्षा व्यर्थ गेली काय?

आमच्या मते नाही. त्या परीक्षा झाल्या नसत्या, तर उंदरांचा वृत्तांत वाचून कित्येक वैद्यांनी ही औषधे मुलांना वर्षानुवर्षे दिली असती. वाढत्या वयातील मुलाला लाभ नसलेले औषध देणे म्हणजे त्याच्या अपायाचा धोका फुकट पत्करणे होय. ज्या मुलांनी चाचण्या दिल्या, रक्त दिले, गोळ्या गिळल्या, त्यांना स्वतःला काही मिळाले नाही. पण त्यांच्यामागून येणाऱ्या मुलांना त्यांनी एका निरर्थक उपचारापासून वाचविले. शेजाऱ्यावरील प्रीतीचे हे एक शांत रूप आहे, आणि मंडळीने त्याची ओळख ठेवली पाहिजे.

शिवाय ज्ञानाची वाट बंद झालेली नाही. रासच्याच संकेतमार्गावर पुढच्या टप्प्यात काम करणारे सेल्युमेटिनिब हे औषध, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी असलेल्या मुलांसाठी २०२० साली अमेरिकेत मान्य झाले. ते अध्ययनातील अडचणींवरचे औषध नव्हे, हे मात्र आईबापांना स्पष्ट सांगावे. नावाच्या साधर्म्याने नवी भ्रांती उत्पन्न होऊ नये.

६. लेकराचा मान

दुर्बळांवर परीक्षा करण्याचा इतिहास सर्वस्वी निष्कलंक नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील संस्थेत १९५० नंतरच्या दशकापासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना संशोधनासाठी जाणूनबुजून काविळीचा संसर्ग करण्यात आला. आईबापांच्या सह्या घेतल्या होत्या. परंतु संस्थेत जागा मिळण्याची गरज त्या सह्यांमागे उभी होती. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही त्याची ‘हो’ ही संमती नव्हे. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता व १९६४ ची हेलसिंकी घोषणा यांनी याच तत्त्वाचा पाया घातला.

आपल्या देशातही आज नियम आहेत. नव्या औषधांच्या परीक्षांविषयीचे २०१९ चे नियम, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, ही दोन्ही पाहावी. आईबापांच्या लेखी संमतीवाचून मुलावर परीक्षा करता येत नाही. याशिवाय सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते: बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. शिकण्यास जड जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे वेळखाऊ असते. त्याला समजेल अशा शब्दांत, चित्रे दाखवून, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. परंतु यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे उघड दिसत असताना, त्याच्यासाठी काय करावे असे प्रभूने त्यालाच विचारले, हे मार्काने नोंदविले आहे. ज्याच्यासाठी उपाय करावयाचा त्यालाच विचारणे हे तेथे आपण पाहतो.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. प्रत्येक परीक्षेला नैतिकता समितीची मान्यता लागते. आणि त्या समितीतील वैद्यकाबाहेरच्या एका जागेसाठी समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ यांच्याबरोबर धर्मशास्त्राच्या अभ्यासकाचाही उल्लेख नियमांत आहे. आपल्या जवळच्या रुग्णालयाने किंवा महाविद्यालयाने असे बोलावणे धाडल्यास संकोचाने नकार देऊ नये. वैद्यकाची भाषा येत नसली तरी, ‘हे त्या आईला कळेल अशा मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत किंवा तिच्या घरच्या बोलीत लिहिले आहे काय?’ एवढे विचारणारे कोणीतरी तेथे असावे लागते.

७. त्या बापाला काय सांगावे?

मग मागे रेंगाळलेल्या त्या बापाला काय सांगावे? आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली, त्याचे सर्व ऐकून घ्यावे. मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाला प्रभूने, मुलाला हे केव्हापासून होते, असे आधी विचारले. उत्तर देण्याची घाई करू नये.

दुसरी, औषध विकत घेण्याचे आमिष आणि परीक्षेत सहभागी होण्याचे निमंत्रण यांतील भेद सांगावा. खरी परीक्षा भारतात नोंदलेली असते. २००७ साली सुरू झालेली व २००९ पासून नव्या परीक्षांना बंधनकारक झालेली ही राष्ट्रीय नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. परीक्षेत द्यावयाच्या औषधाचे पैसे कोणी मागत असेल, किंवा गुण येण्याची हमी देत असेल, तर तेथे सावध व्हावे. १९८१ साली अमेरिकेत अवघ्या १६ मुलांच्या परीक्षेवरून जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने बुद्धी वाढते असे जाहीर झाले होते. नंतरच्या काटेकोर परीक्षांत ते टिकले नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायातील स्त्रीने पुष्कळ वैद्यांच्या पायी आपले सर्वस्व खर्चून टाकले आणि तिचे दुखणे वाढतच गेले. आपल्या मंडळीतील घरे त्या वाटेने जाऊ नयेत.

तिसरी, परीक्षेत जाण्याचे ठरविल्यास चार प्रश्न विचारण्यास सांगावे: कोरी गोळी मिळण्याचा संभव किती; अपाय झाल्यास उपचार कोण करणार; मध्येच बाहेर पडता येईल काय; आणि परीक्षा संपल्यावर निष्कर्ष आम्हांस कळविणार काय. बाहेर पडल्यामुळे मुलाच्या नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये, हा त्याचा हक्क आहे.

चौथी, औषध मिळो अथवा न मिळो, आज करता येण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला वेगळ्या पद्धतीने शिकविणारा शिक्षक, चष्म्याची व कानांची तपासणी, वाचाउपचार, घरच्यांचा धीर, शब्बाथशाळेत त्याच्यासाठी राखलेली एक जागा व एक जबाबदारी: यांसाठी कोणत्याही परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःसाठी आहे. या सर्व परीक्षांत कसोटी औषधाची असते. लेकराची किंमत तीत ठरत नाही. ती उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातच ठरली आहे. औषध निकामी ठरले की आईबापांना वाटते, आपले मूलच निकामी ठरले. त्या दिवशी धर्मसेवकाने त्या घरी जावे. उपदेशाची आवश्यकता नाही. मुलाला नावाने हाक मारावी, त्याच्या शेजारी बसावे, आणि तो जे दाखवील ते पाहावे.